एका पौंडात वर्तमानपत्र

२१ जानेवारी २००९ ला लंडनमध्ये एक सौदा जाहीर झाला. 'इव्हनिंग स्टँडर्ड' हे १८२७ साली सुरू झालेलं, लंडनकरांचं हक्काचं संध्याकाळचं वर्तमानपत्र विकलं गेलं. ७५.१ टक्के मालकी, किंमत एक पौंड. त्या दिवसांत त्याचा अंक ५० पेन्सला मिळायचा. म्हणजे ज्या पैशात तुम्हीआम्ही दोन अंक घेतले असते, तेवढ्यात अलेक्झांडर लेबेदेव या रशियन बँकरनं अख्ख्या वर्तमानपत्राचा ताबा घेतला. पुढच्या वर्षी, मार्च २०१० मध्ये, त्यांनी 'द इंडिपेंडंट' घेतलं. तेही एका पौंडाला. तिथे तर विकणाऱ्या कंपनीनंच वर ९२ लाख ५० हजार पौंड मोजायचं कबूल केलं.

हे ऐकून कुणी म्हणतं, यात काहीतरी काळंबेरं असणार. कुणी म्हणतं, नशीब काढलं गड्यानं. हिशेब मांडून बसलं तर यातलं काहीच गृहीत धरावं लागत नाही. मात्र त्यासाठी आधी हा माणूस मॉस्कोत पैसा कसा कमवायचा ते पाहावं लागतं. लंडनमध्ये त्यांनी जे केलं त्याची तालीम तिथेच झाली होती.

लेबेदेव यांचा जन्म १९५९ चा, मॉस्कोतला. वडील तंत्रशिक्षणाच्या नामांकित बाउमन संस्थेत प्राध्यापक, आई इंग्रजी शिकवायची. मुलगा परराष्ट्र खात्यासाठी माणसं घडवणाऱ्या मॉस्कोच्या संस्थेत शिकला आणि पुढे अभ्यासाला विषय घेतला कर्जाचा. देशांवरची कर्जं, ती बुडतात कशी, बुडाल्यावर काय होतं, असा. तिथून तो गेला केजीबीत, परदेशी हेरखात्याच्या विभागात. १९८८ मध्ये त्याला लंडनला पाठवलं, सोव्हिएत वकिलातीतला आर्थिक बाबी पाहणारा अधिकारी म्हणून. चित्रपटातल्यासारखं इथे काही नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ ब्रिटिश वर्तमानपत्रं वाचायची, कामाचं वेचायचं आणि मॉस्कोला कळवायचं, हा त्या नोकरीचा मोठा भाग. त्या गठ्ठ्यात 'इव्हनिंग स्टँडर्ड'ही असायचं, हे लेबेदेव यांनी पुढे स्वतःच मजेत सांगितलं आहे.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. लेबेदेव लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यावरून बाहेर पडले आणि धंद्याला लागले.

आता कर्जाचा धंदा म्हणजे काय, ते समजून घेऊ. एखाद्या देशानं १०० रुपयांचा कर्जरोखा काढला आहे असं धरा. देशाची हालत बिघडली, हप्ते थांबले. ज्याच्याकडे तो रोखा आहे तो धनको आता धास्तावलाय. १०० तर येत नाहीत, निदान ३० तरी पदरात पडू देत म्हणून तो कागद विकायला काढतो. तुम्ही ३० ला घेता आणि थांबता. दोन वर्षांनी देशानं तडजोड करून ६० दिले तरी तुमचे पैसे दुप्पट झाले. काहीच दिलं नाही तर ३० गेले. या व्यवहारात हुशारी एकाच ठिकाणी लागते: सगळे ज्याला ओझं समजून टाकून देताहेत त्यात नेमका किती जीव शिल्लक आहे, हे ओळखण्यात. ज्यानं उमेदीची वर्षं देशांच्या कर्जांचा अभ्यास करण्यात घालवली त्याला हे इतरांपेक्षा आधी दिसलं, यात नवल नाही.

१९९५ मध्ये त्यांनी 'नॅशनल रिझर्व्ह बँक' ताब्यात घेतली. नाव भारदस्त असलं तरी ती तेव्हा एक लहानशी, अडचणीतली खासगी बँक होती. १९८८ च्या सहकार कायद्यानं रशियात खासगी बँकांना दार उघडलं आणि नव्वदीत तिथे बँकांचं पीक आलं, हजारोंनी. बँक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काउंटर, पासबुक आणि पेन्शनच्या दिवशीची रांग येते. त्यातल्या बहुतेक बँकांकडे यातलं काहीच नसायचं. एखाददुसऱ्या बड्या कंपनीची तिजोरी सांभाळायची आणि तो पैसा रोख्यांत फिरवायचा, एवढंच काम. लेबेदेव यांच्या बँकेत गॅझप्रॉम या सरकारी छत्राखालच्या वायूकंपनीचा पैसा होता, भागीदारीही होती. महागाई अशी होती की नोट खिशात ठेवली की विरघळायची. अशा काळात मोठी ठेव हाताशी असणं म्हणजे पाटाच्या तोंडाशी शेत असणं.

१७ ऑगस्ट १९९८ ला रशियन सरकारनं स्वतःच्याच अल्पमुदतीच्या रोख्यांचे पैसे देणं थांबवलं आणि रूबल कोसळला. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती करणाऱ्या, चौकाचौकात शाखा असलेल्या बँका महिन्याभरात आडव्या झाल्या. लेबेदेव यांची बँक टिकली. मग त्यांनी एअरोफ्लोट या विमानकंपनीचे मोठ्या प्रमाणात शेअर घेतले, विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपनीत पैसा घातला, बटाट्याची शेतीही केली. २००३ मध्ये मॉस्कोच्या महापौरपदाची निवडणूक लढवून १२ टक्क्यांच्या आसपास मतं मिळवली, हरले, आणि त्याच दिवशीच्या संसद निवडणुकीत निवडून आले. २००८ ला 'फोर्ब्स'नं त्यांची मालमत्ता ३१० कोटी डॉलर धरली होती.

इथवरची गोष्ट नव्वदीतल्या कुठल्याही रशियन धनाढ्याची म्हणून खपेल. वेगळेपण सुरू होतं ते २००६ मध्ये.

त्या वर्षी लेबेदेव आणि सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह या दोघांनी मिळून मॉस्कोतल्या 'नोवाया गझेता'चा ४९ टक्के हिस्सा घेतला. ३९ लेबेदेव यांचा, १० गोर्बाचेव्ह यांचा. उरलेले ५१ टक्के पत्रकारांच्याच हातात राहिले, म्हणजे पैसा घालणाऱ्याला संपादकाच्या खुर्चीवर हक्क सांगता येणार नाही अशी ही मांडणी होती. हे वर्तमानपत्र १९९३ साली निघालं तेव्हा गोर्बाचेव्ह यांनी आपल्या नोबेल शांतता पुरस्काराच्या रकमेतून संपादकांना कॉम्प्युटर घेऊन दिले होते. आठवड्यातून दोन-तीनदा निघणारं, चेचन्याचं युद्ध आणि सरकारी भ्रष्टाचार यांच्यामागे हात धुऊन लागलेलं पत्र. फायद्याचं नाव नाही.

रशियात त्या वेळी बँकर माणसानं वर्तमानपत्र घेणं हे धाडसाचं काम होतं, आणि त्याला कारण होतं. आधीच्या दशकात व्लादिमीर गुसिन्स्की यांनी हेच करून पाहिलं होतं. 'मोस्त' बँक काढली, पाठोपाठ एनटीव्ही ही वाहिनी काढली, बाहुल्यांच्या कार्यक्रमात राज्यकर्त्यांची टर उडवली. पुतिन सत्तेवर आल्यावर जून २००० मध्ये गुसिन्स्की यांना अटक झाली. सुटल्यावर ते देश सोडून गेले आणि पुढच्या वर्षी वाहिनी गॅझप्रॉमच्या ताब्यात गेली. हा धडा सगळ्यांनी गिरवला होता. लेबेदेव यांनी तो नीट वाचला असणार, कारण 'नोवाया'त त्यांनी पैसा घातला, मालकी मात्र निम्म्याच्या आत ठेवली.

करार होऊन चार महिने होतात तोच, ७ ऑक्टोबर २००६ ला, 'नोवाया'च्या पत्रकार आन्ना पोलितकोव्स्काया यांना त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्यांची माहिती देणाऱ्याला लेबेदेव यांनी अडीच कोटी रूबलचं इनाम जाहीर केलं.

आता वर दिलेली तारीख पुन्हा पाहा. 'स्टँडर्ड'चा सौदा २१ जानेवारी २००९ चा. त्याच्या दोनच दिवस आधी, १९ जानेवारीला, मॉस्कोत भर रस्त्यात मानवी हक्कांचे वकील स्तानिस्लाव मार्केलोव्ह आणि 'नोवाया'ची तरुण वार्ताहर अनास्तासिया बाबुरोवा यांचा खून झाला. म्हणजे त्या एका आठवड्यात हा माणूस लंडनमध्ये एका वर्तमानपत्राच्या कागदांवर सह्या करत होता आणि मॉस्कोत आपल्या दुसऱ्या वर्तमानपत्राच्या वार्ताहरांना पिस्तूल बाळगायची परवानगी द्या, असं सुरक्षा यंत्रणेला जाहीरपणे सांगत होता. लेबेदेव यांच्याबद्दल बोलताना लोक एक तर त्यांना स्वातंत्र्याचा पाईक करतात किंवा क्रेमलिनचा मुखवटा. मला हा आठवडा आठवला की दोन्ही वर्णनं आखूड पडल्यासारखी वाटतात.

एक मासला मात्र उलट बाजूचाही आहे. त्यांचंच 'मोस्कोव्स्की कॉरेस्पाँडंट' नावाचं मॉस्कोतलं पत्र होतं. एप्रिल २००८ मध्ये त्यानं छापलं की पुतिन एका ऑलिम्पिक जिम्नॅस्टशी लग्न करणार आहेत. काही दिवसांनी सार्डिनियात इटलीचे नेते बर्लुस्कोनी यांच्या शेजारी उभ्या असलेल्या पुतिन यांना एका रशियन वार्ताहर बाईंनी हे विचारलं. पुतिन यांनी साफ नाकारलं आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणाऱ्यांचा जाहीर उद्धार केला. त्याच क्षणी बर्लुस्कोनींनी गंमत म्हणून त्या बाईंच्या दिशेनं हातांनीच मशिनगन चालवल्याचा अभिनय केला. कॅमेऱ्यात तो टिपला गेला आहे. इकडे ते पत्र बंद झालं, कारण दिलं गेलं 'आर्थिक'. 'नोवाया' जगलं, हे आठवडाभरात गेलं. गंभीर पत्रकारितेला जेवढी ढिलाई मिळायची तेवढीही घरगुती अफवेला नव्हती, असा याचा अर्थ मी लावतो.

आता त्या एका पौंडाकडे वळू.

वर्तमानपत्र विकत घेणं म्हणजे इमारत, यंत्रं आणि नाव घेणं असं आपल्याला वाटतं. खरं तर घेतला जातो एक बोजा. सातबाऱ्यावर सोसायटीचं, बँकेचं, सावकाराचं असं सगळं कर्ज चढलेली जमीन कुणी 'फुकट घ्या' म्हणून देऊ केली, तर ती फुकट असते का? तसंच हे. छापखान्याशी काही वर्षांचा करार झालेला असतो, मोडला तर भरपाई द्यावी लागते. शेकडो माणसांना कामावरून कमी करायचं तर कायद्यानं आणि करारानं ठरलेली रक्कम द्यावी लागते. पेन्शनची देणी असतात. आणि रोज अंक निघतो तो तोट्यात. 'इंडिपेंडंट' चालवणाऱ्या आयरिश कंपनीवर स्वतःचंच कर्ज गळ्यापर्यंत आलं होतं. वर्तमानपत्र बंद करायला जेवढा खर्च आला असता त्यापेक्षा ९२ लाखांच्या वर रक्कम देऊन ते दुसऱ्याच्या गळ्यात घालणं तिला स्वस्त पडलं. विकणारा पैसे देतो तेव्हा तो सुटकेची किंमत मोजत असतो. एक पौंड हा आकडा ब्रिटिश कायद्यापुरता, व्यवहार पक्का व्हायला दोन्हीकडून काहीतरी द्यावं लागतं म्हणून.

म्हणजे लेबेदेव पुन्हा तेच करत होते: दुसऱ्यानं ओझं म्हणून टाकलेला कागद उचलत होते. फरक एवढाच की रोखा घेऊन नुसतं थांबून राहिलं तर चालतं, वर्तमानपत्राला रोज खायला घालावं लागतं. शिवाय वेळ वाईट होती. २००८ च्या मंदीत त्यांचं स्वतःचंच कंबरडं मोडलं होतं, 'फोर्ब्स'च्या पुढच्या यादीत ३१० कोटींचे ६० कोटी डॉलर झाले होते.

तरी 'स्टँडर्ड'च्या बाबतीत त्यांच्या माणसांनी जे केलं ते धंद्याच्या पुस्तकात घालावं असं आहे. आधी मे २००९ मध्ये लंडनच्या बसवर आणि भुयारी रेल्वेत जाहिराती झळकल्या. त्यांत वर्तमानपत्र वाचकांची माफी मागत होतं. तुमच्यापासून तुटलो, माफ करा. सतत रडगाणं गायलो, माफ करा. तुम्हाला गृहीत धरलं, माफ करा. आणि १२ ऑक्टोबर २००९ पासून अंक फुकट केला.

फुकट करून तोटा कमी कसा होतो? आपल्याकडेही अंकाची किंमत कागद-छपाईला पुरत नाही हे पेपरवाल्यापासून रद्दीवाल्यापर्यंत सगळे जाणतात. वर्तमानपत्र जगतं जाहिरातीवर. अंकाच्या ५० पेन्समधून दुकानदार आणि घाऊक विक्रेता आपापला वाटा काढून घेत. हजारो दुकानांत गठ्ठे टाकायचे आणि रात्री उरलेले परत गोळा करायचे, हा खर्च वेगळाच. फुकट केल्यावर दुकानांचा फेरा संपला. भुयारी रेल्वेच्या स्टेशनांच्या तोंडाशी संध्याकाळी माणसं उभी केली की काम झालं. खप अडीच लाखांच्या आसपास होता, तो सहा लाखांवर गेला, म्हणजे जाहिरातदाराला विकायला दुपटीहून जास्त डोळे मिळाले. डोळेही कसे? दिवसभर राबून दमलेले, खिशात पगार असलेले आणि जमिनीखाली मोबाइलला रेंज नसल्यामुळे पुढचा अर्धा तास अडकून पडलेले. नशिबाची साथ इथे जरूर होती. संध्याकाळी फुकट वाटली जाणारी दोन्ही प्रतिस्पर्धी पत्रं त्याच शरद ऋतूत बंद पडली आणि मैदान मोकळं झालं. पुढे काही वर्षं 'स्टँडर्ड'नं थोडाफार नफाही दाखवला.

'इंडिपेंडंट'ला ही मात्रा लागू पडली नाही, पण तिथे वेगळीच गंमत झाली. २६ ऑक्टोबर २०१० ला त्याचंच एक आटोपशीर भावंड काढलं. नाव फक्त 'आय', किंमत २० पेन्स. मोठ्या भावाच्याच बातम्या, पण घाईतल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटांत संपवता येतील अशा. धाकटा बघता बघता थोरल्याच्या कितीतरी पट खपू लागला. २०१६ मध्ये 'आय' २ कोटी ४० लाख पौंडांना विकलं गेलं आणि २६ मार्च २०१६ ला 'इंडिपेंडंट'चा शेवटचा छापील अंक निघाला. तेव्हापासून ते फक्त इंटरनेटवर आहे आणि तिथे पैसे कमावतं. छापखाना, कागद, ट्रक, सगळं बोजा म्हणून होतं ते उतरलं आणि नाव तेवढं शिल्लक राहिलं. 'आय' विकून आलेली रक्कम एका पौंडाशेजारी ठेवली तर सौदा थोर वाटतो. मधल्या सहा वर्षांत दोन्ही वर्तमानपत्रं पोसायला गेलेले पैसे शेजारी मांडले की आतबट्ट्याचा दिसतो.

मग कशासाठी? मराठीत याचं उत्तर एका शब्दात देता येतं, पत. उधारी मिळवून देते ती पत आणि चारचौघांत खुर्ची मिळवून देते तीही पतच. पैशाची पत त्यांच्याकडे होती, दुसरी हवी होती. केजीबीतून आलेला, नव्वदीत पैसा केलेला रशियन म्हटलं की लंडनमध्ये लोक हात मिळवतात, पण घरी बोलवायला कचरतात. वर्तमानपत्राच्या मालकाला मंत्री स्वतःहून फोन करतात. आणि मॉस्कोत अडचण आली तर लंडनच्या दोन वर्तमानपत्रांचा मालक कोण आहे हे जगाला ठाऊक असणं, हे एक प्रकारचं चिलखतही होतं.

चिलखताची परीक्षा लवकरच झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये तोंडावर बुरखे घातलेल्या पोलिसांनी मॉस्कोतल्या त्यांच्या बँकेवर धाड घातली. २०११ च्या सप्टेंबरात तर त्यांनीच आयतं कोलीत हाती दिलं. एनटीव्हीवरच्या चर्चेत शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सर्गेई पोलोन्स्की या बिल्डरशी बाचाबाची झाली. लेबेदेव उठून उभे राहिले, परत बसले, आणि मग अचानक ठोसे हाणले. पोलोन्स्की खुर्चीसकट मागे मंचावरून खाली. आर्थिक संकटावर बोलायला बोलावलेली माणसं! खटला 'राजकीय द्वेषातून गुंडगिरी' असा भरला गेला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकत होती. जुलै २०१३ मध्ये न्यायालयानं साध्या मारहाणीवर आणून १५० तास सामाजिक कामाची शिक्षा दिली. अब्जाधीशानं ती भोगली. रशियातला धंदा मात्र त्यांनी या काळात आवरत आणला. सततच्या धाडींमुळे खातेदार पळतात, आणि खातेदार पळालेली बँक म्हणजे पाणी आटलेली विहीर.

लंडनची गादी एव्हाना मुलाकडे, एव्हगेनी लेबेदेव यांच्याकडे गेली होती. २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारनं त्यांना उमराव करून ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात बसवलं. त्यांनी घेतलेल्या किताबात लंडनमधल्या हॅम्प्टनबरोबर सायबेरियाचंही नाव आहे. वडिलांनी जी पत लावली, तिचं हे सगळ्यात मोठं फळ, आणि तेच सगळ्यात आधी किडलं. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा लॉर्ड लेबेदेव यांनी 'स्टँडर्ड'च्या पहिल्या पानावरून पुतिन यांना युद्ध थांबवा म्हणून विनवलं. तरी मे महिन्यात कॅनडानं वडिलांवर निर्बंध घातले. जुलैत संसदेच्या समितीपुढे जॉन्सन यांनी कबूल केलं की परराष्ट्रमंत्री असताना, एप्रिल २०१८ मध्ये, आपण अलेक्झांडर लेबेदेव यांना अधिकारी बरोबर न घेता भेटलो होतो. इटलीत, लेबेदेवांच्या बंगल्यावर. ज्या ओळखींसाठी वर्तमानपत्रं पोसली त्याच ओळखी आता चौकशीचा विषय झाल्या.

'नोवाया'चे संपादक दिमित्री मुरातोव यांना २०२१ चं नोबेल शांतता पारितोषिक विभागून मिळालं. मार्च २०२२ च्या अखेरीस पत्राला छपाई थांबवावी लागली आणि सप्टेंबरात त्याचा परवानाच रद्द झाला.

आणि 'स्टँडर्ड'? ज्या दोन गोष्टींवर फुकट अंकाचं गणित बसलं होतं त्या दोन्ही गेल्या. करोनानंतर लंडनकर आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करू लागले आणि भुयारी रेल्वेत वाय-फाय आलं. १९ सप्टेंबर २०२४ ला दैनिकाचा शेवटचा अंक स्टेशनांवर वाटला गेला. पुढच्या गुरुवारपासून ते 'द लंडन स्टँडर्ड' नावानं साप्ताहिक झालं. तेही फुकटच.